एकाच नावाची दोन पानं

जळगावच्या एका ठिबक कंपनीत, पाइपांच्या चळतींमागे, एक बसकी इमारत आहे. तिथे खिडकीजवळच्या टेबलावर बुद्धभूषण तायडे बसतात. शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना तायडेभाऊ म्हणतात. वय सत्तावन्नाला टेकलेलं, निवृत्तीला चौदा महिने उरलेले, रोज बोदवडहून गाडीने येणं-जाणं. शेतकऱ्याने मोबाइलवर कंपनीची 'मदत' उघडली की आधी एक लांबलचक अनुक्रमणिका दिसते. ती अनुक्रमणिका आणि तिच्यामागची चारेकशे पानं हा तायडेभाऊंचा संसार.

या संसारात ते पडले ते अक्षरामुळे. तीस वर्षांपूर्वी कंपनीत लागले तेव्हा रावेरकडच्या केळीच्या बागांमध्ये नळ्या अंथरण्याचं काम होतं. एकदा गोदामाच्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' लिहायला पेंटर मिळेना, म्हणून यांच्या हातात ब्रश दिला. अक्षर असं उतरलं की लोक थांबून वाचायचे आणि मग थुंकायला दुसरी भिंत शोधायचे. एवढ्या भांडवलावर त्यांची माहितीपुस्तिकांच्या विभागात बदली झाली. पुढे पुस्तिका बंद झाल्या, त्यांतला मजकूर मोबाइलमध्ये गेला, आणि मजकुराच्या मागोमाग तायडेभाऊही गेले.

शब्दांच्या बाबतीत माणूस तापट. पुण्याहून कुणी 'प्रणालीचे परिचालन' असं लिहून पाठवलं की यांचं डोकं फिरायचं. ते खोडून 'मोटार सुरू करताना' असं लिहायचे आणि वर विचारायचे, की परिचालन करणारा शेतकरी मला एकदा दाखवा, त्याला चहा माझ्याकडून. त्यांचा राग अनाठायी नव्हता. आपलं लिहिलेलं कोण वाचतं, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचे वडील वाल्मीक यांनी जन्मभर सालदारकी केली. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर दुसऱ्याच्या शेतात राबणारा गडी. खानदेशात हे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपतं आणि त्याच दिवशी नवं सुरू होतं. आखाजीचा झोका झाडावरून उतरतो न उतरतो तोच शेकडो शेतांत नवा माणूस येऊन उभा राहतो. मालक गावात, डोक्यावर ऊन, आणि समोर कधी न पाहिलेली मोटार, फिल्टर, नळ्या. कंपनीच्या आकड्यांतही ते उमटायचं. वर्षात सगळ्यात जास्त वेळा 'मदत' उघडली जाते ती आखाजीनंतरच्या पंधरा दिवसांत. ऑफिसात सगळे म्हणायचे, उन्हाळा असतो ना. तायडेभाऊंना खरं कारण माहीत होतं.

आता अशा माणसाला 'देखभाल' या प्रकरणात जाऊन शोध, असं सांगून काय उपयोग? त्याला दिसतं ते इतकंच, की पाणी कमी येतंय. म्हणून तायडेभाऊंनी एक युक्ती केली. जे पान 'देखभाल'मध्ये, त्याचीच नक्कल 'पाणी कमी येत असेल तर' या प्रकरणातही चिकटवायची. माणूस कुठूनही शिरो, रिकाम्या हाताने परतायला नको. वर्षानुवर्षं ते असं करत आले आणि कुणी विचारलंही नाही. हे सगळं मायेपोटी केलेलं होतं, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं ते याच मायेतून झालं.

फेब्रुवारीत विभागाला नवी प्रमुख आली. हेमांगी तिचं नाव, धुळ्याची मुलगी, तिशीसुद्धा ओलांडलेली नाही. आल्या आल्या तिने संगणकाला कामाला लावलं आणि त्याने अनुक्रमणिकेतली दोनदा आलेली नावं पिवळी करून दाखवली. एकूण त्रेसष्ट. तायडेभाऊंना तो पिवळा रंग पाहून आपल्या अंगावर कुणी हळद फेकल्यासारखं झालं, आणि ते लग्नातल्या हळदीसारखं मुळीच वाटलं नाही.

ते भांडले. शेतकरी जिथे उभा असतो तिथूनच शोधतो, हे त्यांनी तिला चांगलं पंधरा मिनिटं सुनावलं. पोरगी शांतपणे ऐकत होती. मग तिने सांगितलं की तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, दारं दोन हवीतच. पण खोली एकच ठेवा. मजकूर एका जागी ठेवायचा आणि दोन्हीकडून तिथेच पोचवायचं. नक्कल केली की दोन पानं होतात, आणि एक दुरुस्त केलं की दुसरं तसंच राहतं. तायडेभाऊंनी हे गाडीत बसून बोदवडपर्यंत चघळलं. भुसावळ गेल्यावर त्यांना पटलं, पण दुसऱ्या दिवशी तिला ते तोंडावर न सांगता नुसते कामाला लागले.

मुदत होती आखाजीपर्यंत. हेमांगीने लिहून दिलं होतं, जोड्या जुळलेल्याच आहेत, प्रत्येक जोडीतलं एक पान उडवत चला, दोन दिवसांचं काम आहे. पण न वाचता उडवणं तायडेभाऊंच्या रक्तात नव्हतं. ते दोन्ही पानं शेजारी शेजारी लावायचे आणि ओठांतल्या ओठांत ओळ न् ओळ वाचायचे. चौथ्या दिवशी दुपारी सदतिसावी जोडी समोर आली. नाव दोन्हीकडे एकच, 'आम्ल प्रक्रिया'. पाण्यातल्या क्षारांनी नळ्यांची भोकं बुजली की नळ्यांत आम्ल सोडून ती मोकळी करतात, त्याची कृती.

'देखभाल'मधल्या पानावर दहा पायऱ्या होत्या. 'पाणी कमी येत असेल तर'मधल्या पानावर आठ.

आठवी पायरी दोन्हीकडे सारखी होती: झडप बंद करून आम्ल चोवीस तास नळ्यांत राहू द्यावे. एका पानावर मजकूर तिथेच संपत होता. दुसऱ्यावर पुढे होतं की दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्यांची टोकं उघडावीत, आणि स्वच्छ पाणी येईपर्यंत मोटार चालवून, सुटलेला क्षार बाहेर काढून, मगच टोकं बंद करावीत. हे नाही केलं तर सुटलेला सगळा क्षार वाहत जातो आणि पुढच्या भोकांत घट्ट बसतो. पाणी मिळायचं ते राहतं बाजूला, उलट पूर्ण बंद होतं.

चूक कशी झाली, हे तायडेभाऊंच्या लगेच लक्षात आलं. छापील पुस्तिकेत ही कृती उजव्या पानावर सुरू व्हायची आणि आठव्या पायरीनंतर पान उलटावं लागायचं. मोबाइलसाठी मजकूर उतरवताना त्यांनी समोर दिसणारं पान उतरवलं आणि उलटायचं राहिलं. पुढे कधीतरी 'देखभाल'मधलं पान त्यांनी वाचलं, चूक दिसली, दोन पायऱ्या घातल्या. नक्कल तशीच राहिली. सहा वर्षं.

एवढंच असतं तर माणसाने कपाळावर हात मारला असता, पान उडवलं असतं आणि चहाला गेला असता. पण तायडेभाऊ खुर्चीतून उठले नाहीत, कारण त्यांना बन्सीलाल आठवला.

बन्सीलाल हा चोपड्याकडचा फिटर. कंपनीचं ओळखपत्र असलेला, बारा वर्षं ठिबक बसवणारा. मागच्या वर्षी वैशाखात त्याने प्रेमराज नावाच्या शेतकऱ्याच्या केळीत आम्ल प्रक्रिया केली, आणि चार दिवसांत अर्ध्या बागेचं पाणी बंद झालं. कळायच्या आत ऐन उन्हात झाडं माना टाकून बसली. चौकशी झाली. नळ्या बसवणं बन्सीलालच्या हातचा मळ, पण आम्ल प्रक्रिया त्याने आधी केलेली नव्हती, म्हणून तो 'मदत' उघडून पायरी पायरीने करत गेला होता. तसं त्याने सांगितलंही. साहेबांनी तायडेभाऊंना बोलावलं आणि विचारलं, आपल्या 'मदत'मध्ये नळ्या धुवायला सांगितलंय की नाही? तायडेभाऊंनी अनुक्रमणिका उघडली, वरून पहिलं 'आम्ल प्रक्रिया' दाबलं, दहा पायऱ्यांचं पान छापून आणलं आणि खाली सही केली. बन्सीलालला त्याचाच मोबाइल उघडायला लावला. त्यानेही वरचंच नाव दाबलं. दहा पायऱ्या. शेतात असताना आपण कुठल्या वाटेने त्या पानावर गेलो होतो, हे कुणाच्या लक्षात राहतं?

"साहेब, तठे आठच व्हत्यात," एवढं तो म्हणाला होता. मग पुन्हा मोबाइलकडे पाहिलं आणि गप्प झाला. ते गप्प बसणं सगळ्यांनी कबुली म्हणून धरलं. त्याचं ओळखपत्र त्याच दिवशी रद्द झालं. त्या वेळी तायडेभाऊंच्याही मनात आलं होतं, की वाचायचा कंटाळा करतात आणि मग आमच्या पानावर ढकलतात.

समोर संगणकावर 'काढून टाका' असं बटण होतं. ते दाबण्याचाच त्यांना हुकूम होता. एकदा पान गेलं की त्या व्यवस्थेत ते कुठेही उरत नाही, आणि कुणी कधी विचारलंच तर सांगायला वरिष्ठांचा लेखी आदेश होता. खोटं बोलायलासुद्धा लागणार नव्हतं. तायडेभाऊ काही संत नव्हेत. त्यांनी माउसवर बोट ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. चौदा महिने राहिलेत, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो आला म्हणून त्यांना स्वतःची लाजही वाटली. शेवटी त्यांनी दोन्ही पानं छापली, अनुक्रमणिकेचं ते पिवळं पानही छापलं, घड्या घालून पिशवीत ठेवली. मग अर्धवट पानात दोन पायऱ्या घातल्या, म्हणजे निदान आजपासून तरी कुणी फसू नये, आणि वेळेआधी निघाले.

घरी बायकोने, सविताबाईंनी, चेहऱ्यावरूनच ओळखलं. जेवण झाल्यावर त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तायडेभाऊंना वाटत होतं, ही एक तर म्हणेल, गप बसा, किंवा म्हणेल, खरं सांगून टाका. त्या दोन्हींपैकी काहीच म्हणाल्या नाहीत.

"त्या माणसाचं आता काय चाललंय?" एवढंच त्यांनी विचारलं.

वर्षभरात तो प्रश्न तायडेभाऊंच्या मनातच आला नव्हता. सकाळी त्यांनी चोपड्याच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन लावला. दुकानदार मोकळेपणाने बोलला. ओळखपत्र गेल्यावर बन्सीलालला कुणी बागेत पाय ठेवू देईना. प्रेमराजच्या झाडांचं नुकसान कुठून भरून देणार, म्हणून गावातल्या चार माणसांनी बसून तोड काढली होती: येत्या आखाजीपासून वर्षभर बन्सीलालने प्रेमराजच्या शेतात सालदार म्हणून राबायचं, बिनपगारी. बन्सीलालने मान खाली घालून हो म्हटलं होतं. आखाजी सहा दिवसांवर होती.

बिनपगारी साल म्हणजे काय, हे तायडेभाऊंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांना वडील आठवले. ऑफिसात पोचताच ते सरळ हेमांगीच्या टेबलापाशी गेले, तिन्ही कागद पसरले, आणि मागच्या वर्षीच्या आपल्या सहीसकट सगळं सांगितलं.

हेमांगीने दोन्ही पानं दोनदा वाचली. तिचा चेहरा उतरला, पण तिने त्यांना एका शब्दाने टोचलं नाही. ती कागद घेऊन वर गेली आणि तासाभराने परत आली. वर ठरलं होतं की समिती पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बसेल, आणि तोपर्यंत हा विषय कंपनीच्या बाहेर जाता कामा नये. तायडेभाऊंनी तिला विचारलं की आखाजी कधी आहे. धुळ्याच्या मुलीला तारीख सांगावी लागली नाही आणि सालदाराचा अर्थही. चोपड्याला जाऊन त्याला स्वतः सांगतो, असं तायडेभाऊ म्हणाले.

"तायडेभाऊ, जा असं मला म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "रजेचा अर्ज आणलात, तर सही मात्र आत्ता करते."

या रजेबद्दल पुढे दोघांनाही मेमो मिळाला. तायडेभाऊंची त्या वर्षीची पगारवाढही गेली. पण तो पुढचा भाग.

दोन दिवस तर त्यांचे धीर गोळा करण्यात गेले, हेही खरं. चूक कबूल करायला जायचं म्हणजे बस पकडण्याइतकं सोपं नसतं. मग घरात तापाचं आजारपण निघालं, मग रविवार आला. अखेर आखाजीच्या आदल्या दिवशी ते चोपड्याला उतरले आणि तिथून रिक्षाने गावात गेले. घराघरांतून पुरणाचा वास येत होता. बन्सीलालच्या घरी मात्र चूल थंडच होती. तो ओट्यावर विळ्याला मूठ बसवत होता, उद्याच्या कामाची तयारी. तायडेभाऊंना पाहून तो उठला. ओळख पटली तसा त्याचा चेहरा आवळला, पण पाणी आणायला बायकोला हाक मारलीच. तिचं नाव भागाबाई.

तायडेभाऊंनी पाणी घेतलं नाही. वाटेत जुळवून ठेवलेलं सगळं भाषण ते विसरले. त्यांनी आठ पायऱ्यांचा कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाले, "हे पान होतं. तुम्ही हेच वाचलं होतं. मी अर्धं लिहून ठेवलं होतं."

बन्सीलालला आधी समजलं नाही. मग तो ओट्यावर टेकला, कागद मांडीवर धरला आणि पायऱ्यांवरून बोट फिरवत मोजू लागला. आठ. त्याने पुन्हा पहिल्यापासून मोजलं. कागद उलटून मागची कोरी बाजू पाहिली. मग त्याने तो भागाबाईंपुढे धरला. वर्षभर त्याच एका गोष्टीवरून घरात भांडण होत होतं. तूच घाईत वाचलंस, खाली बघितलंच नाहीस, असं त्या म्हणत आल्या होत्या. त्यांनीही बोट ठेवून मोजलं, पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेल्या.

"भाऊ, सालभर माले वाटे, मीच येडा व्हयनू," बन्सीलाल म्हणाला. "मन्हा डोयानी आठ दखेल, आन् तठे ऑफिसमा दहा. मी कोन्हाले काय सांगू?"

तायडेभाऊंनी हात जोडले. बन्सीलालने त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. त्याने रागवावं, निदान एकदा तरी ओरडावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं. पण तो ओरडला नाही. त्याने फक्त एक मागणं मागितलं. हेच सगळं, असंच, प्रेमराजभाऊंसमोर सांगाल का?

त्याच्या मोटारसायकलवर बसून दोघं गेले. प्रेमराज अंगणात खाटेवर बसून उद्यासाठी आणलेले आंबे निवडत होता. साठीचा माणूस, बोलायला कडक. बन्सीलाल अंगणाच्या कडेला उभा राहिला, आखाजीच्या आधीच सालदार झाल्यासारखा. तायडेभाऊंनी दोन्ही कागद खाटेवर शेजारी शेजारी ठेवले. आपण कंपनीत काय काम करतो ते सांगितलं, पान उलटायचं कसं राहिलं ते सांगितलं, सही कशावर केली तेही सांगितलं. कंपनी नुकसानीचं काय करेल ते मला माहीत नाही, पण यांनी लिहिलेलं होतं तेच केलं, चूक माझी, असं म्हणून ते थांबले.

प्रेमराजने चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. एक आंबा हातात घेऊन दाबून पाहिला, परत ठेवला. मग त्याने वर बघितलं ते तायडेभाऊंकडे नाही, बन्सीलालकडे, आणि चिडलेल्या आवाजात म्हणाला, "सकाय आखाजी शे. आते मी दुसरा सालदार कोठे दखू?"

बन्सीलाल कुंपणाला धरून उभा होता. तो तिथेच खाली बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडायला लागला.